एक अल्बम, तीन सराउंड मिक्स: 'डार्क साइड ऑफ द मून' नेमका कुठल्या आवृत्तीत ऐकावा?

२०२३ मध्ये पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमला पन्नास वर्षं झाली आणि त्यानिमित्ताने त्याचा डॉल्बी ॲटमॉस मिक्स, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरूनही ऐकू येणारा सराउंड आवाज, बाजारात आला. त्याआधी २०११ मध्ये भलामोठा बॉक्स सेट आला होता, २००३ मध्ये सुपर ऑडिओ सीडी (साध्या सीडीपेक्षा जास्त तपशील आणि सराउंडही मावणारी डिस्क) आली होती, आणि मुळात १९७३ मध्येच चार स्पीकरवर ऐकायची रेकॉर्डही निघाली होती. गाणी तीच, वाजवणारे तेच, रेकॉर्डिंगही तेच. मग पुन्हा पुन्हा नवीन काय निघतं?

एरवी हा प्रश्न मोजक्या हौशी मंडळींपुरता राहिला असता. पण आता गाण्यांच्या ॲपमध्ये ॲटमॉसचं चिन्ह दिसतं, टीव्ही आणि साउंडबारच्या जाहिरातीत तो शब्द सारखा कानावर पडतो. शिवाय या बँडला आपल्याकडे जुना चाहतावर्ग आहे. बँडचे जुने बासवादक रॉजर वॉटर्स यांनी २००७ मध्ये मुंबईत येऊन हा अख्खा अल्बम वाजवला होता. त्यामुळे 'घरी पाच स्पीकर आहेत, यातलं घेऊ कुठलं?' असं विचारणारे बरेच भेटतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सगळ्यात जास्त फरक पडतो तो मिक्स कुणी केला आणि कुठल्या टेपवरून केला, याने. त्याखालोखाल तुमची खोली आणि स्पीकरची मांडणी. डिस्कच्या पाठीवर छापलेले बिट आणि किलोहर्ट्झ, म्हणजे आवाज किती बारकाईने मोजून साठवला ते सांगणारे आकडे, यांचा नंबर बराच नंतर लागतो. चर्चा मात्र बहुतेक वेळा या आकड्यांपासून सुरू होते आणि तिथेच संपते.

## मिक्स म्हणजे काय?

या अल्बमचं रेकॉर्डिंग लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत मे १९७२ मध्ये सुरू झालं आणि १९७३च्या सुरुवातीला पुरं झालं. इंजिनिअर होते ॲलन पार्सन्स. टेप दोन इंच रुंद आणि तिच्यावर १६ ट्रॅक. ट्रॅक म्हणजे टेपवरची स्वतंत्र पट्टी: एकीवर बास, दुसरीवर गिटार, तिसरीवर आवाज, अशी. या सगळ्या पट्ट्या एकत्र करताना कुणाला किती मोठं ठेवायचं, कुठल्या बाजूला बसवायचं, किती घुमवायचं हे ठरवणं म्हणजे मिक्स. तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवून तो रेकॉर्डसाठी किंवा सीडीसाठी सिद्ध करणं म्हणजे मास्टरिंग.

भेळवाल्याची गाडी डोळ्यांसमोर आणा. कुरमुरे, शेव, कांदा, दोन्ही चटण्या वेगवेगळ्या डब्यांत असतात. एकदा कालवल्यावर त्यातून कांदा परत काढता येत नाही. फार तर वरून लिंबू पिळता येतं. स्टीरिओ मिक्स ही कालवलेली भेळ आणि रीमास्टरिंग हे वरून पिळलेलं लिंबू. सराउंडसाठी लिंबाने भागत नाही, परत डब्यांपाशी जावं लागतं. म्हणून प्रत्येक सराउंड मिक्स हे खरोखर नवं काम असतं. तो करणाऱ्या माणसाला शेकडो निर्णय नव्याने घ्यावे लागतात.

या अल्बमच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. तेव्हा १६ ट्रॅक पुरत नव्हते. मग भरलेल्या टेपवरचे काही ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि तिथे मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुढचं वाजवायचं, अशी रीत होती. या दुसऱ्या टेपला दुसरी पिढी म्हणतात. ॲनालॉग टेपची प्रत काढली की नव्या टेपची सरसर जुन्या सरसरीत मिसळते आणि झांजेसारख्या बारीक आवाजांची धार थोडी बोथट होते. शिवाय एकत्र झालेले ट्रॅक तिथे एकत्रच राहतात. पहिल्या पिढीच्या टेपपर्यंत पोचायचं की दुसरीवर काम भागवायचं, हा निर्णय पुढच्या कुठल्याही बिटच्या आकड्यापेक्षा भारी पडतो.

## 'पण मूळ अल्बम तर स्टीरिओच होता ना?'

हा आक्षेप नेहमी येतो, आणि बहुतेक जुन्या अल्बमच्या बाबतीत तो रास्त आहे. दोन स्पीकरसाठी विचारपूर्वक बांधलेलं गाणं पाच स्पीकरवर पसरायचं कशाला? पण हा अल्बम त्या नियमात बसत नाही.

१२ मे १९६७ ला लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमधल्या कार्यक्रमात पिंक फ्लॉइडने ॲझिमथ को-ऑर्डिनेटर नावाचं यंत्र वापरलं. ॲबी रोडमधले इंजिनिअर बर्नार्ड स्पाइट यांनी ते बनवलं होतं. त्याची दांडी फिरवली की आवाज सभागृहात प्रेक्षकांभोवती फिरायचा. म्हणजे अल्बमच्या पाच-सहा वर्षं आधीपासून चौफेर आवाज हा या बँडच्या कार्यक्रमांचा भाग होता. फेब्रुवारी १९७३ मध्ये लंडनच्या तारांगणात पत्रकारांसाठी हा अल्बम वाजवला गेला, तेव्हा चार चॅनेलचा मिक्स तयार नव्हता म्हणून स्टीरिओ वाजवायचं ठरलं. बँडमधले रिचर्ड राइट सोडले तर बाकीचे त्या कार्यक्रमाला फिरकलेच नाहीत. यावरून चार चॅनेलची त्यांना किती मातब्बरी होती ते कळतं.

अल्बमच्या आतही याच्या खुणा आहेत. 'टाइम'च्या सुरुवातीला एकाच वेळी टोले देणारी घड्याळं पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून रेकॉर्ड केली होती, आणि तीही मुळात चार चॅनेलचं प्रात्यक्षिक म्हणून. अल्बममध्ये ती नंतर आली. 'मनी'च्या सुरुवातीचा खणखणाट घ्या: नाणी, फाटणारा कागद, दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र. हे आवाज टेपच्या तुकड्यांवर मोजून कापून, जोडून सात ठोक्यांचं आवर्तन केलं होतं. आपल्या रूपक तालाच्या मात्रा मोजणाऱ्याला ते लगेच हाताशी येतं. हे आवाज खोलीभर फिरवता यावेत म्हणून ते पुन्हा चार ट्रॅकवर रेकॉर्ड केले गेले. गाणं अजून रेकॉर्ड होत असताना चार स्पीकरचा विचार चालू होता, तो असा.

## १९७३चा क्वाड: मिक्स उत्तम, रेकॉर्ड लंगडी

क्वाड म्हणजे खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर, दोन पुढे आणि दोन मागे. हा मिक्स पार्सन्स यांनी केला. त्यांनी हात राखला नाही. घड्याळं चहूबाजूंनी अंगावर येतात, 'मनी'चे आवाज कोपऱ्याकोपऱ्यातून निघतात.

अडचण होती ती घरापर्यंत पोचवण्याची. रेकॉर्डच्या खाचेत मावतात दोन चॅनेल. मग एस-क्यू नावाच्या पद्धतीत चार चॅनेल गणिताने दोनांत दुमडायचे आणि घरी डीकोडरने परत उलगडायचे. पण दोन आकड्यांतून मूळ चार आकडे तंतोतंत परत मिळत नसतात. साध्या डीकोडरवर पुढच्या डाव्या कोपऱ्यातला आवाज मागच्या दोन्ही स्पीकरमधूनही यायचा, आणि तोही अवघ्या ३ डेसिबलने कमी होऊन. कानाला हा फरक किरकोळ वाटतो, त्यामुळे कोपरे एकमेकांत मिसळून जात. आठ ट्रॅकच्या टेप कार्ट्रिजवर चारही चॅनेल सुटे मिळायचे, पण तिथे टेप अगदी संथ फिरते आणि सरसर भरपूर. त्यात प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, एकीची रेकॉर्ड दुसरीच्या यंत्रावर नीट वाजणार नाही. सत्तरचं दशक सरता सरता क्वाडचा बाजार उठला.

'आमच्या वेळचं क्वाड काही खास नव्हतं' असं जुनी माणसं सांगतात तेव्हा ती या एस-क्यू रेकॉर्डबद्दल बोलत असतात. पार्सन्स यांचा मिक्स त्यांनी कधी धडपणे ऐकलेलाच नसतो.

## २००३चा ५.१: नवा माणूस, नवी नजर

५.१ मधले पाच म्हणजे पुढे तीन स्पीकर (डावा, मधला, उजवा) आणि मागे-बाजूला दोन. '.१' म्हणजे फक्त खर्जाचा स्वतंत्र चॅनेल, साधारण १२० हर्ट्झच्या खालचा.

हे काम इंजिनिअर जेम्स गथ्री यांच्याकडे गेलं. 'द वॉल' या नंतरच्या अल्बमपासून ते बँडबरोबर काम करत आले आहेत. त्यांनी शक्य तिथे पहिल्या पिढीच्या टेप शोधून काढल्या आणि त्या एकमेकींशी जुळवून घेतल्या. याचा परिणाम कानाला लगेच जाणवतो: ड्रमच्या झांजा मोकळ्या वाटतात, बास आटोपशीर आणि स्पष्ट येतो, स्टीरिओत गच्च वाटणाऱ्या जागी हवा खेळते. मांडणी मात्र सभ्य आहे. मुख्य वाद्यं बहुतांश समोर, आणि मागच्या स्पीकरचा वापर जपून. गथ्री स्टीरिओच्या जरा जास्तच जवळ राहिले, असं मत पार्सन्स यांनी पुढे बोलून दाखवलं होतं. मला ते पटतं, पण गथ्रींची बाजूही समजते. तीस वर्षं लोकांच्या कानात बसलेल्या अल्बमला हात लावायचा होता.

'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये दोघांच्या विचारातला फरक जवळून पाहता येतो. क्लेअर टोरी यांचा आवाज हा गाण्याचा प्राण आहे. क्वाडमध्ये मधला स्पीकर नसतो, त्यामुळे मधला आवाज हा दोन स्पीकरमधून सारखाच वाजवून निर्माण केलेला भास असतो. तुम्ही फूटभर डावीकडे सरकलात की तोही डावीकडे सरकतो. ५.१ मध्ये मधोमध खराखुरा स्पीकर असतो, त्यामुळे आवाज जागच्या जागी राहू शकतो. पण तो स्पीकर इतर दोघांपेक्षा वेगळ्या जातीचा, टीव्हीखाली कोंबलेला असेल तर तोच आवाज खोक्यातून आल्यासारखा येतो. पुष्कळ घरांत असंच असतं, आणि दोष मिक्सच्या माथी मारला जातो.

## २०११चा बॉक्स: इथे खरी तुलना करता येते

बॉक्समध्ये गोट्या आणि मफलरसुद्धा होता, पण महत्त्वाची होती ती ब्लू-रे डिस्क. तिच्यावर गथ्रींचा ५.१ मिक्स, पार्सन्स यांचा १९७३चा क्वाड मिक्स आणि मूळ स्टीरिओ, तिन्ही २४ बिट, ९६ किलोहर्ट्झमध्ये होते. क्वाडचे चारही चॅनेल सुटे आणि स्वच्छ, अशा दर्जात घरच्या श्रोत्याला मिळाले ते या वेळी. माझ्या लेखी पन्नास वर्षांतली या अल्बमच्या सराउंडची सगळ्यात मोठी घटना हीच.

शिवाय ही डिस्क आकड्यांच्या वादावर उत्तम परीक्षा आहे. गथ्रींचा तोच मिक्स २००३ मध्ये सुपर ऑडिओ सीडीवर एक-बिट पद्धतीत होता, इथे २४ बिट पीसीएममध्ये (साध्या सीडीवर असते त्या पद्धतीत) आहे. मिक्स एकच, डबा वेगळा. पातळी सारखी करून ऐकलं तर फरक शोधावा लागतो. याच डिस्कवर एक बटण दाबून ५.१ वरून क्वाडवर जा: बिट तेवढेच, किलोहर्ट्झ तेवढेच, आणि आवाजाचं जग बदलतं.

## 'मग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ याला काहीच अर्थ नाही?'

अर्थ आहे, पण मर्यादित. साध्या सीडीचे १६ बिट सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं सुमारे ९६ डेसिबलचं अंतर पेलू शकतात. १९७३च्या ॲनालॉग टेपवरचं अंतर त्याहून बरंच कमी भरतं. माणसाचा कान वरच्या बाजूला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि चाळिशीनंतर तेवढंही नाही. जास्तीचे बिट स्टुडिओत काम करताना उपयोगी पडतात. घरी ऐकताना ते टेपमध्ये नसलेलं काही आणून देत नाहीत.

दाबलेला आणि न दाबलेला आवाज हा फरक मात्र खरा आहे. २०११च्या बॉक्समधल्या डीव्हीडीवर तोच ५.१ मिक्स सेकंदाला ४४८ आणि ६४० किलोबिटमध्ये होता. म्हणजे जागा वाचवण्यासाठी काही तपशील गाळलेला. ब्लू-रेवर काहीच गाळलेलं नाही. घड्याळांसारख्या दाट जागी चांगल्या स्पीकरवर हा फरक पकडता येतो.

## २०२३चा ॲटमॉस

ॲटमॉसमध्ये दोन गोष्टी नव्या. एक, डोक्याच्या वर स्पीकर. दोन, आवाज ठरावीक स्पीकरला बांधलेला नसतो. 'हा आवाज खोलीत अमुक जागी' अशी नोंद आवाजाबरोबर जाते आणि तुमचा रिसीव्हर (स्पीकर चालवणारं यंत्र) तुमच्याकडे असतील त्या स्पीकरमध्ये ती जागा बसवतो. असे बांधलेले आणि सुटे मिळून १२८ पर्यंत आवाज यात मावतात. हाही मिक्स गथ्रींचाच आहे.

या अल्बमला उंचीचा उपयोग आहे, कारण त्यात विमान, पावलं, हसणं, लांबून येणारं बोलणं असे वाद्यांखेरीज पुष्कळ आवाज आहेत. अशा आवाजांना वर जागा मिळाली की खालची वाद्यं सुटी होतात. फक्त छतावर किंवा छताकडे तोंड केलेले स्पीकर हवेत. ते नसतील तर हाती साधारण ५.१च उरतं.

ॲपवरचा ॲटमॉस आणि ब्लू-रेवरचा ॲटमॉस यांतही अंतर आहे. ॲपवर तो सुमारे ७६८ किलोबिटमध्ये दाबून येतो, ब्लू-रेवर काही न गाळता.

## 'कान दोनच आहेत, मग हेडफोनवर का नाही?'

दोन कानांमध्ये साधारण वीतभर अंतर असतं. बाजूने आलेला आवाज लांबच्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी उशिराने पोचतो आणि मेंदू त्यावरून दिशा ठरवतो. पुढचा की मागचा, वरचा की खालचा, हे मुख्यतः कानाच्या पाळीच्या वळ्यांमुळे कळतं. त्या वळ्यांतून जाताना आवाजाचा पोत किंचित बदलतो आणि तो बदल मेंदूने लहानपणापासून पाठ केलेला असतो.

हेडफोनवर हा बदल गणिताने घालतात, पण एका सरासरी कानाच्या मापाने. तुमचा कान त्या मापाच्या जवळ असेल तर आवाज डोक्याबाहेर जातो. नसेल तर सगळं थोडं धुकट, घुमल्यासारखं वाटतं. त्यामुळे 'हेडफोनवर ॲटमॉस ऐकला, स्टीरिओच बरा' हा अनुभव खरा असतो, पण त्यावरून मिक्स वाईट ठरत नाही.

कानाच्या याच रचनेमुळे क्वाडचीही एक मर्यादा आहे. समोरच्या दोन स्पीकरमध्ये आवाजाचा भास पक्का होतो, पण पुढचा डावा आणि मागचा डावा यांच्या मध्ये, म्हणजे थेट कानासमोर, तो नीट होत नाही. आवाज सरकण्याऐवजी उडी मारतो. म्हणून 'मनी'सारखी उड्या मारणारी रचना क्वाडमध्ये फार खुलते, आणि 'ऑन द रन'मधली धावणारी पावलं बाजूने जाताना जरा अडखळल्यासारखी वाटतात.

## तुलना करताना फसगत कुठे होते?

आवाजाच्या पातळीत. जरासा मोठा आवाज माणसाला नेहमी 'चांगला' वाटतो, मोठा आहे असं वाटतच नाही. २००३च्या डिस्कवर साध्या सीडीचा थरही होता. 'स्टीरिओफाइल' मासिकाने मोजून पाहिलं, तर सीडीचा थर त्याच डिस्कवरच्या सुपर ऑडिओ थरापेक्षा जास्त चढवलेला आणि आवळलेला निघाला. आता या दोन थरांत अदलाबदल करून 'सुपर ऑडिओचा फरक कळला' म्हणणारा माणूस खरं तर मास्टरिंगमधला फरक ऐकत असतो. ॲटमॉसचं याच्या उलट होतं. संगीताचे ॲटमॉस मिक्स ठरावीक, बेताच्या पातळीत द्यावे लागतात. त्यामुळे स्टीरिओवरून त्यावर आलं की पहिल्यांदा सगळं मवाळ वाटतं. व्हॉल्यूम वाढवा, मग मत बनवा. मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपनेही हे काम भागतं.

मग मांडणी. आपल्याकडे सोफा बहुधा भिंतीला टेकलेला आणि मागचे स्पीकर त्याच्या दोन्ही टोकांना कानाशी चिकटलेले. सोफा दोन फूट पुढे ओढला तरी मागचा आवाज उलगडतो. ओढता येत नसेल तर निदान ते स्पीकर वर चढवा आणि कानाकडे रोखू नका. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजून भरा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो आणि त्या हिशेबाने रिसीव्हर जवळच्या स्पीकरला थोपवून धरतो. हॉल एका बाजूने किचनकडे उघडा असेल तर त्या बाजूचा स्पीकर थोडा हळू वाटणारच, त्याची पातळी एक-दोन डेसिबलने वाढवून घ्या. आणि ५.१ साठी मागचे स्पीकर कानांच्या जरा मागे, साधारण ११० अंशांवर असावेत असं मानतात, क्वाडला ते पार मागच्या कोपऱ्यात, १३५ अंशांवर हवेत. ५.१च्या मांडणीवर क्वाड ऐकताना मागचे आवाज बाजूला आल्यासारखे वाटतात ते यामुळे.

एवढं सगळं करण्याआधी प्लेअर खरोखर मल्टिचॅनेल थर वाजवतो आहे ना, ते रिसीव्हरच्या पडद्यावर बघून घ्या. सुपर ऑडिओ सीडीचे बरेच प्लेअर आपण होऊन स्टीरिओ थर निवडतात.

## मग घ्यायचं काय?

पाच स्पीकर आणि ब्लू-रे प्लेअर असेल तर २०११ची ब्लू-रे मिळत असल्यास तीच शोधा. क्वाड आणि ५.१ दोन्ही एकाच डिस्कवर आहेत, आणि आधी क्वाड ऐका. छताकडचे स्पीकर बसवले असतील तर २०२३ची ॲटमॉस ब्लू-रे घ्या. २००३ची सुपर ऑडिओ सीडी आधीच घरात असेल तर फक्त ५.१ साठी पुन्हा पैसे घालण्यात अर्थ नाही; तोच मिक्स आहे. नुसता साउंडबार किंवा हेडफोन असेल तर ॲपवर ॲटमॉस ऐकून बघा, नाही आवडला तर खुशाल मूळ स्टीरिओ लावा. ज्या स्टीरिओने हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे राहिला, त्यात आजही काही कमी नाही.